अवकाळी गाणं

नोव्हेंबरात पाऊस पडावा असं बोईसरजवळच्या आमच्या कुंभवलीत कोणालाही वाटत नाही. गरवं भात कापून खाचरात आडवं पडलेलं असतं, भारे बांधायचे असतात, मजूर 'उद्या नक्की' म्हणालेला असतो. अशा वेळी दुपारी चारच्या सुमाराला समुद्राच्या अंगाने आभाळ काळवंडलं की गावात जो पहिला शब्द निघतो तो छापता येत नाही. कापलेल्या भातावर दोन दिवस पाणी राहिलं की दाणा तिथेच रुजतो. लोंबी उचलून बघावी तर दाण्यादाण्यातून पांढरा कोंब बाहेर आलेला, आणि बोटांना आंबूस वास. तिकडे नवापूर, मुरबे, सातपाटीला वलांडीवर टांगलेले बोंबील भिजतात. भिजलेला बोंबील पुन्हा सुकवता येतो, पण मग तो माणसाच्या ताटात न जाता कोंबड्यांच्या खाद्यात जातो. वीटभट्टीवाल्यांच्या कच्च्या विटा एका रात्रीत माहेरी, म्हणजे चिखलात, परत जातात. त्यातच तुळशीचं लग्न उरकल्यामुळे माणसांची लग्नं सुरू झालेली असतात, आणि मंडपवाल्याने 'ह्या दिवसांत पाऊस कुठला, शेठ' असं म्हणत ताडपत्रीऐवजी झालरीच्या कापडाचे पैसे घेतलेले असतात. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशी त्रिमूर्ती बांधावर अवतरते, मोबाइलवर फोटो काढते, पंचनामा होतो, आणि भरपाईची चर्चा पुढच्या अवकाळीपर्यंत पुरते.

अशा ह्या पावसावर जगातलं एक अत्यंत गाजलेलं प्रेमगीत आहे, आणि ते लिहिणाऱ्याच्या नावावर एक गुंठा भातशेती नाही. गाण्याचं नाव 'नोव्हेंबर रेन', बँडचं नाव गन्स अँड रोझेस, गाव लॉस एंजेलिस. त्या गावात वर्षभरात जेमतेम साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे जुलैच्या एखाद्या बऱ्या आठवड्यात तेवढा पडून जातो आणि कोणी त्यावर ओळही लिहीत नाही, फार तर बोईसर स्टेशनवर गाडी किती उशिरा आहे ते लिहितात. ज्याला पाऊस क्वचित दिसतो त्यालाच त्यावर नऊ मिनिटं गावंसं वाटणार. हो, नऊ. नेमकी सांगायची तर ८ मिनिटं ५७ सेकंद.

हे गाणं १७ सप्टेंबर १९९१ रोजी आलेल्या 'यूज युवर इल्यूजन १' ह्या अल्बममधलं. पुढच्या वर्षी ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या काळी इतकं लांब गाणं पहिल्या दहात येणं म्हणजे लोकलच्या पहिल्या वर्गात पेंढ्याचा भारा घेऊन बसण्यातला प्रकार होता. पण बसलं, आणि कोणी उठवलं नाही. अ‍ॅक्सल रोझ हा बँडचा गायक हे गाणं पहिल्या अल्बमच्याही आधीपासून घोळवत होता. शेवटी ते ध्वनिमुद्रित करताना त्यात जो भरगच्च वाद्यवृंद ऐकू येतो तो खरा नव्हताच. ती सगळी व्हायोलिनं त्याने सिंथेसायझरवर उभी केली. खऱ्या पन्नास वादकांचा ताफा त्यात घातला गेला तो २०२२ साली निघालेल्या नव्या आवृत्तीत. एकतीस वर्षांनी. सरकारी भरपाईलासुद्धा इतका वेळ लागत नाही. म्हणजे सहसा लागत नाही.

ह्या अ‍ॅक्सलचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय गाण्याची गंमत कळत नाही. माणूस म्हणजे दुर्वासच. जुलै १९९१ मध्ये सेंट लुइसच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतला एक जण कॅमेरा चालवताना दिसला म्हणून हा गाणं अर्धवट सोडून गर्दीत झेपावला, मग चिडून मंचावरून निघून गेला, आणि मागे लोकांनी खुर्च्यांपासून सामानापर्यंत सगळ्याचा चुराडा केला. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियललाही त्याने लवकर काढता पाय घेतला आणि तिथेही दंगल झाली. कार्यक्रमाला उशिरा येणं हा तर त्याचा कुळाचार. असा इसम एके दिवशी पियानोसमोर बसतो, आवाज खाली आणतो आणि प्रेमाबद्दल बोलतो. जग हेलावलं त्यात नवल काय? जो रोज 'जेवलीस का?' विचारतो त्याला घरात कोणी धड उत्तर देत नाही. जन्मभर खेकसणाऱ्याने एकदा विचारलं की सगळं घर पदराने डोळे टिपतं. पॉवर बॅलड म्हणतात तो प्रकार ह्या एका अन्यायावर उभा आहे, आणि मऊ स्वभावाच्या नवऱ्यांनी त्याविरुद्ध आजवर साधा मोर्चाही काढलेला नाही.

आमच्याकडे गाणं आलं ते केबलच्या वायरीतून. १९९१-९२च्या सुमाराला स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं, गच्चीवर भलीमोठी छत्री बसली आणि केबलवाल्याने झाडाझाडांवरून वायर ओढत ती कुंभवलीपर्यंत आणली. शेजारच्या एमआयडीसीने दिलेली गॅस गळती, करपलेला वास आणि बारा तासांची शिफ्ट ह्यांच्या जोडीला गावात केस वाढवलेले लोकही आले. बाकीची गाणी लागली की मोठी माणसं चॅनल बदलायला सांगत. हे एकच गाणं घरात चालू राहायचं, कारण आमच्या आत्याच्या मते ते लग्नाचं होतं. चर्च होतं, नवरी होती, पाहुणे होते, केक होता. लग्न म्हटलं की आत्या जातपात, धर्म, देश काही बघत नाही. ती थेट मांडणीत चुका काढायला बसते.

आणि चुका भरपूर होत्या. पहिली म्हणजे नवरीचा झगा: मागून वीतभर जमिनीवर लोळणारा आणि पुढून गुडघ्यांच्याही वर. 'पुढचं कापड मागे गेलं, शिंप्याने मापच चुकवलं,' असा आत्याचा निर्णय. दुसरी चूक अंगठीची. ऐन वेळी पाद्रीबुवा अंगठी मागतात आणि नवऱ्याचा पाठराखा मित्र, म्हणजे गिटारवाला स्लॅश, खिसे चाचपडत बसतो. शेवटी बास वाजवणारा डफ मॅकेगन स्वतःच्या बोटातली अंगठी काढून देतो तेव्हा वेळ निभावते. 'एवढं मोठं लग्न, आणि मुहूर्ताच्या सामानाची पिशवी एका शहाण्या बाईच्या हातात द्यायला काय झालं होतं?' तिसरी चूक तर क्षमेपलीकडची. अंगठीचा घोळ निस्तरल्यावर स्लॅश लग्न लागायचं थांबतही नाही. तडक दाराबाहेर पडतो आणि उजाड माळावर उभा राहून गिटार वाजवू लागतो. आतून राजवाड्यासारखं दिसणारं चर्च बाहेरून एवढंसं देऊळ झालेलं असतं, भोवती चिटपाखरू नाही, हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय, आणि हा पाय फाकून, केस उडवत वाजवतोय. 'नवऱ्याचा मित्र अक्षता पडायच्या आत बाहेर गेला. भांडण झालं असणार,' आत्या म्हणाली. 'जेवणावरून.'

त्याच वेळी शेजारचे एक काका आले होते. एमआयडीसीत वायरमन. त्यांचं लक्ष भलतीकडेच. 'वायर कुठंय?' ते म्हणाले. आणि खरंच, इलेक्ट्रिक गिटार, पण तिला ना वायर, ना अ‍ॅम्प्लिफायर, ना आसपास विजेचा खांब. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून शेजारी असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. केंद्र शेजारी असूनही आमच्याकडे भारनियमनाच्या काळात पंखा फिरत नव्हता, आणि हा बिनवायरीचा माळावर घणघणत होता. जगभरच्या लाखो लोकांनी तो एकलवादनाचा तुकडा डोळे मिटून ऐकला असेल. आमच्या घरात तो अर्थिंगच्या चर्चेत गेला.

मग येतो पाऊस. व्हिडिओत लग्नाची मेजवानी उघड्यावर चाललेली आहे, हवा बदलते, सरी येतात, आणि पाहुणे असे जीव घेऊन पळतात की जणू वरून तेजाब पडतंय. टेबलं उलटतात, दारूचे ग्लास लवंडतात, आणि एक गृहस्थ, कारण नसताना, केकच्या टेबलावरून सूर मारतात. केकच्या आरपार. पावसापासून वाचण्यासाठी केकमधून जावं लागतं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते त्या गृहस्थांनाच ठाऊक. त्या व्हिडिओवर तेव्हा पंधरा लाख डॉलरच्या घरात खर्च झाला होता, आणि आत्याचं म्हणणं आजही कायम आहे की त्यातले हजारभर ताडपत्रीवर घातले असते तर पुढचं काही घडलं नसतं. कारण पुढे नवरी मरते. थेट शवपेटीच दिसते. कशाने मरते हे कोणी सांगत नाही. तो व्हिडिओ डेल जेम्स नावाच्या लेखकाच्या कथेवर बेतलेला आहे, पण कथा वाचल्याशिवाय कळू नये अशीच बहुधा योजना असावी. 'भिजल्याने एवढं होतं का?' हा प्रश्न आमच्या घरात १९९२ पासून प्रलंबित आहे.

आमच्याकडची माणसं लग्नात पाऊस आल्यावर कशी वागतात ते त्या दिग्दर्शकाने एकदा येऊन पाहायला हवं होतं. पळत कोणी नाही. आधी हात पुढे करून थेंब तळव्यावर घेतात आणि वास बघतात. औद्योगिक वसाहतीच्या कडेला राहणाऱ्यांची ही जुनी सवय. पाऊस आला की त्याच्या आडोशाने कोणीतरी नाल्यात रंग सोडतं आणि कोणीतरी चिमणीतून वास, हे गाव ओळखून आहे. पाऊस नुसता पाण्याचाच आहे अशी खात्री पटली की मग कामाला लागतात. प्रथम साउंडवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर झाकला जातो, कारण तो भाड्याचा. मग भाताचं टोप आत जातं. मग आहेराची वही. मग आठवण होते नवरानवरीची. पंगतीला बसलेले उठत नाहीत. डाव्या हाताने प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर उलटी धरायची आणि उजव्या हाताने जेवण चालू ठेवायचं. वाढपीही थांबत नाहीत. वरणाचं पाणी होतं एवढंच, आणि ते तसंही फार लांबचं नसतं.

आता जाणकार म्हणतील, गन्स अँड रोझेस हे हेवी मेटल नव्हेत, ते हार्ड रॉक. माझ्या भाच्याचा एक मित्र ह्या मुद्द्यावरून त्याच्याशी आठवडाभर अबोला धरून होता. वाडा कोलम आणि साधा कोलम ह्यांतला फरक जसा खाणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त ठाऊक, तसं हे. दोन्हीत केस वाढवतात, दोन्हीत काळे टी-शर्ट घालतात, आणि दोन्हीत सगळ्यांत जास्त खपतं ते हळू गाणं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी ह्याचा धंदाच बसवला होता. आधी एक-दोन दणदणीत गाणी सोडायची, पोरांना वेडं करायचं, मग एक मऊ गाणं सोडायचं, म्हणजे पोरांच्या मैत्रिणी आणि रेडिओवाले दोघेही वळतात. पॉयझन नावाचा बँड ओठांना लाली लावून धिंगाणा घालायचा. त्यांचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं गुलाबाच्या काट्यावरचं, १९८८ सालचं. एक्स्ट्रीम ह्या बँडने १९९१ साली पहिला क्रमांक मिळवला तो दोघांनी एका साध्या गिटारवर गायलेल्या गाण्याने. त्याच्या व्हिडिओत ड्रमवाला आणि बासवाला वाद्यं बाजूला ठेवून निवांत बसून आहेत. पगारी रजा म्हणतात ती हीच. जर्मनीचे स्कॉर्पियन्स जन्मभर गिटारी झोडपत आले आणि अजरामर झाले ते एका शिट्टीने. मॉस्कोत १९८९ साली झालेल्या मोठ्या संगीत महोत्सवातून परतल्यावर त्यांच्या गायकाने 'विंड ऑफ चेंज' लिहिलं.

मेटॅलिकाची हकिगत त्याहून न्यारी. हे लोक तर कर्मठांतले कर्मठ. त्यांचा जेम्स हेटफिल्ड एकदा मैत्रिणीशी फोनवर बोलत होता. एका हातात फोन, मांडीवर गिटार, म्हणून मोकळ्या हाताने नुसत्या उघड्या तारा छेडत बसला. त्यातून 'नथिंग एल्स मॅटर्स'ची सुरुवात निघाली. म्हणूनच त्या गाण्याचे पहिले सूर डाव्या हाताची बोटं न लावता वाजतात, आणि म्हणूनच बोईसरपासून बर्लिनपर्यंत प्रत्येक नवशिका गिटारवाला पहिल्याच दिवशी ते वाजवून घरच्यांना चकित करतो. दुसऱ्या दिवशी पुढचे सूर येतात आणि घरचे सुटतात. हेटफिल्ड हे गाणं बँडला ऐकवायलाच तयार नव्हता. इतकं नाजूक काही आपण केलं हे कळलं तर काय म्हणतील! ड्रमवाल्या लार्स उलरिकने आग्रह धरला आणि ते १९९१च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमवर गेलं. काही जुन्या चाहत्यांनी 'विकले गेले' म्हणून बोंब मारली. त्यातल्या पुष्कळांनी पुढे आपल्या लग्नात तेच लावलं असणार, ह्यावर मी पैज लावायला तयार आहे.

आपल्या मुंबईतही हेच झालं. १९८४च्या सुमाराला रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. धोबीतलावच्या रंगभवनात ही मंडळी छप्पर उडवायची. रंगभवनाला छप्पर नव्हतं म्हणून निभावलं. पुढे बँडचं नाव इंडस क्रीड झालं आणि १९९३ साली त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' ह्या गाण्याच्या व्हिडिओला आशियातल्या एमटीव्ही प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक मिळालं. सगळ्यांत लांब पोचलेलं त्यांचं हे गाणंही दणदणाटाचं नव्हे. रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला आवाजच बंद झाला. बोईसरच्या पोरांना तसाही त्याचा उपयोग नव्हता. रात्रीच्या कार्यक्रमानंतर परत यायला गाडी नसे, आणि चर्चगेटच्या बाकावर झोपून सकाळी घरी जाण्याइतकं प्रेम संगीतावर असलं तरी वडिलांची भीती जास्त असे.

खरं तर हेवी मेटल जन्मायला हवं होतं आमच्याकडे. त्याचा जन्मच कारखान्यातला. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. गड्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल केल्या, त्यातून जो जड, खर्जातला आवाज निघाला त्यावर ब्लॅक सबाथ उभा राहिला. आमच्या एमआयडीसीत प्रेस आहेत, रोलिंग मिल आहेत, पत्रा आहे, बोटं गेलेले लोकही आहेत. फक्त त्यांच्या हातात पुढे गिटार आली नाही, ईएसआयचं कार्ड आलं.

आणि ह्या मूळपुरुष ब्लॅक सबाथनेही १९७२ साली काय करावं? 'चेंजेस' नावाचं पियानोवरचं रडगाणं. आयोमी त्यासाठी पियानोवर बसला. पुढे ऑझी ऑस्बर्नने हेच गाणं मुलीबरोबर गायलं आणि २००३च्या डिसेंबरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आयुष्यभर अंधाराचा राजा म्हणवून घेतलेल्या माणसाला तिथे पहिला क्रमांक मिळाला तो लेकीबरोबर गाऊन.

मला ह्यात नवल वाटत नाही, कारण मी रोलिंग मिलची शिफ्ट सुटताना माणसं पाहिलेली आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल चालतात. निवासी क्षेत्रात दिवसा ५५, रात्री ४५. कुंभवलीत एका क्षेत्रातून दुसऱ्यात जायला रस्ता ओलांडावा लागतो. आवाजाला ते कोणी सांगितलेलं नाही. आठ-बारा तास लोखंडावर लोखंड ऐकून जो माणूस घरी येतो तो मोबाइलवर काय लावतो? जुनी, संथ, शक्यतो पावसाची गाणी. दणका ऐकायची हौस असते ती एसी ऑफिसात बसणाऱ्याला. माझा भाचा आयटीत आहे.

तर हा भाचा १७ मे २०२५ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस ऐकायला गेला. बँड २०१२ सालीही मुंबईत येऊन गेला होता, पण तेव्हा स्लॅश सोबत नव्हता. म्हणजे लग्नातून बाहेर गेलेला तो जो गेला, तो मधली बरीच वर्षं परतलाच नव्हता. आता आला होता. मे महिन्याच्या उकाड्यात काळा टी-शर्ट, काळी जीन्स, पायात बूट, अशी वरात बोईसरहून निघाली. आईने डब्यात थेपले दिले. आत सोडणार नाहीत म्हटल्यावर 'मग गाडीत खा' म्हणाली, आणि ते विरार यायच्या आत संपले. कार्यक्रमाचं वर्णन त्याने मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं आहे की मीच गेलो होतो असं वाटतं. मंचावर पियानो आला तेव्हा हजारो लोकांनी मोबाइलचे दिवे लावले. पूर्वी लायटर पेटवायचे. आता बॅटरी जाते. भाच्याने अख्ख्या गाण्याचा व्हिडिओ काढला. त्यात पुढच्याच्या मोबाइलचा पडदा दिसतो, त्या पडद्यात त्याच्या पुढच्याचा मोबाइल, आणि ह्या सगळ्यावर भाच्याचा स्वतःचा आवाज, अ‍ॅक्सलपेक्षा दोन पट्ट्या वर. गाणं ऐकताना तो सारखा घड्याळ बघत होता, कारण डहाणूची शेवटची लोकल कोणाच्या गिटारसाठी थांबत नाही. नऊ मिनिटांच्या पॉवर बॅलडचा आनंद आणि विरारला गाडी बदलायची धास्ती, दोन्ही एकाच वेळी घेणारा प्रेक्षक त्या मैदानात पालघर जिल्ह्याचाच असणार.

परत आला तो पेटूनच. नोव्हेंबरात त्याच्या मोठ्या भावाचं लग्न ठरलं होतं, आणि त्याने जाहीर केलं की हळदीला हेच गाणं वाजेल. आमच्याकडची हळद म्हणजे बेंजो पार्टी. टेम्पोवर बसवलेले स्पीकर, एक कीबोर्ड, ढोल-ताशा, पॅड, आणि मधोमध गळ्यात इलेक्ट्रिक बेंजो घेतलेले मास्तर. हे मास्तर म्हणजे पंचक्रोशीतलं प्रस्थ. कोळीगीत, आगरी गाणं, भीमगीत, आरती, हिंदी सिनेमा, जे म्हणाल ते. ऐकलं की वाजलं. भाच्याने त्यांना मोबाइल दिला, कानात बोंडं घातली. मास्तर डोळे मिटून ऐकू लागले. एक मिनिट गेलं. दोन गेली.

'सुरू कधी होतं?' मास्तर म्हणाले.

'सुरूच आहे, मास्तर.'

'आणि ठेका?'

'येतो पुढे.'

'पुढे म्हणजे? तोवर माणसं जेवायला बसतील ना.' त्यांनी परत डोळे मिटले. माळावरचा तो गिटारचा तुकडा आला तेव्हा मात्र त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. तुकडा संपला तसे त्यांनी कानातून बोंडं काढली. 'हा माणूस चांगला वाजवतो. बेंजोत बसेल. पण बाकीचं काय ते रडणं? हळद आहे का दहावा?'

'मास्तर, ते प्रेमाचं आहे.'

'प्रेमाचंच म्हणतो मी. बाईसाहेब दुसऱ्याच्या झाल्या का?'

'मेल्या.'

मास्तरांनी मोबाइल तत्काळ परत केला. हळदीला मरणाचं गाणं वाजवणार नाही, त्यांच्या गुरूंनी शपथ घातलेली आहे, वगैरे. भाच्याने समजावलं की मरण फक्त व्हिडिओत आहे, गाण्यात नाही. त्यावर मास्तरांनी दोन अटी घातल्या: व्हिडिओ कोणाला दाखवायचा नाही, आणि ठेका ते घालतील तो. भाचा 'हो' म्हणाला. प्रेमात माणूस कशालाही हो म्हणतो.

हळदीच्या रात्री साडेनऊला, म्हणजे दहाच्या नियमाला अर्धा तास उरलेला असताना, मास्तरांनी ते काढलं. सुरुवातीचा पियानो गाळला. पहिलं कडवं गाळलं. दुसरं गाळलं. एकदम माळावर उडी. बेंजोच्या पट्ट्यांवर तो तुकडा असा सरसरत आला की अंगावर काटा उभा राहिला, आणि त्याच क्षणी खालून कोळी ठेका सुरू झाला. नऊ मिनिटांचं दीड मिनिटात आटोपलं. आत्या आता ऐंशीच्या पुढची, खुर्चीत बसून टाळ्या देत होती. 'हे मी ऐकलंय कुठेतरी,' ती म्हणाली, 'पण इतकं चांगलं नव्हतं.' भाचा मंडपाच्या खांबाला टेकून उभा. चेहरा असा, की मूळ व्हिडिओत शवपेटीशेजारी शोभला असता.

त्यानंतर तो मास्तरांशी बोलेनासा झाला. मास्तरांना पत्ता नाही. त्यांच्या यादीत आता हे गाणं 'इंग्लिश कोळी' ह्या नावाने आहे, आणि सालवड-पास्थळच्या बाजूला त्याला चांगली मागणी आहे असं ऐकतो. परवा कोलवड्याला एका हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. मास्तरांनी ते लावलं. भाचा कोपऱ्यात मोबाइल बघत उभा होता. बेंजो माळावर पोचला तसा त्याने मोबाइल खिशात टाकला, टेम्पोसमोरच्या गर्दीत घुसला, आणि सगळ्यांत पुढे जाऊन पाय फाकून, मान मागे टाकून, हातात नसलेली गिटार वाजवायला लागला. वायरमन काकांनी लगेच मला कोपराने ढोसलं.

'ह्याचीही वायर नाही,' ते म्हणाले.